पावणेदोन कोटी कागद आणि मोडी वाचणारी माणसं : एक प्रकरण अभ्यास

३० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एक आकडा सांगितला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जवळपास १ कोटी ७२ लाख जुन्या नोंदी तपासल्या आणि त्यातून ११,५३० कुणबी नोंदी हाती लागल्या. भागाकार करून बघा, साधारण दीड हजार नोंदी चाळाव्यात तेव्हा एक कामाची. त्याच वेळी हेही सांगितलं गेलं की कागद उर्दूत आहेत, मोडीत म्हणजे मराठीच्या जुन्या कारभारी लिपीत आहेत, अजून शोध चालू आहे, त्यामुळे समितीला मुदतवाढ लागणार. टीव्हीवर सगळी चर्चा आरक्षणाची झाली आणि ती होणारच होती, पण मला त्यातला मोडीचा भाग डोक्यातून जाईना, कारण मी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि मोडी शिकलोय, त्यामुळे या कामाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार कळतात.

आरक्षण मिळावं की मिळू नये हा इथला विषय नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बघायचंय ते वेगळंच. आपल्याकडे घराघरात एक गोष्ट ठरून गेलेली असते की इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय म्हणजे पोटापाण्याचं शिक्षण आणि इतिहास, भाषा, लिपी म्हणजे हौस, दहावीला बरे मार्क पडले आणि पोरगी म्हणाली आर्ट्सला जाते तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. या समजुतीची इतकी मोठी आणि इतकी उघड परीक्षा अलीकडच्या काळात महाराष्ट्रात दुसरी झालेली नाही असं माझं मत आहे.

आधी प्रसंग काय होता ते

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पेटलं. ७ सप्टेंबरला सरकारने जीआर काढून समिती नेमली. मागणीचा गाभा असा की मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, निजामाच्या काळातल्या महसुली आणि इतर कागदांत ज्यांच्या पूर्वजांची नोंद कुणबी म्हणून आहे त्यांच्या वारसांना कुणबी दाखला द्या, कारण कुणबी ओबीसीत मोडतात. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे शोध घ्यायचा तो १९६७ च्या मागचा सगळा कागद. आधी हे काम मराठवाड्यापुरतं होतं, नंतर अख्ख्या राज्यात सुरू झालं.

आता सगळा कागद म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं तलाठ्याकडचा सातबारा बघितला की झालं. यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर होतं, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर होतं ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर होतं. पण तेवढंच नाही, जेलमधल्या कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या, पोलिसांची क्राइम रजिस्टरं, अटक पंचनामे, एक्साइजच्या ताडीच्या नोंदवह्या, सबरजिस्ट्रारकडची खरेदीखतं, बटाईपत्रकं, दत्तकविधानं, भूमी अभिलेखचं पक्का बुक, शेतवार पत्रक, सगळं यादीत. कारण पूर्वी जिथे जिथे सरकारी कारकुनाने माणसाचं नाव लिहिलं तिथे बहुतेक वेळा शेजारी जातही लिहिली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एखादा माणूस ताडीचा परवाना काढायला गेला, आणि आज त्याच्या पणतूच्या अॅडमिशनचा पुरावा त्या वहीत निघू शकतो.

हे सगळं जिल्ह्याजिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत. कागद ठिसूळ, कडा खाल्लेल्या, शाई कुठे फिकी तर कुठे आरपार उमटलेली. आणि १९५० च्या आसपासपर्यंत मराठी कारभाराचा हाताने लिहिलेला मोठा भाग मोडीत, संस्थानातला बराचसा उर्दूत.

साखळीत कुठे अडलं

कामाची साखळी अशी होती: गठ्ठा सोडायचा, पानं साफ करून स्कॅन करायची, फाइलींना गाव-तालुक्याप्रमाणे नावं द्यायची, वाचायचं, कामाची नोंद सापडली की तिचं देवनागरीत लिप्यंतर करायचं, ते कुणीतरी प्रमाणित करायचं, मग ते अपलोड करायचं आणि त्यावरून दाखल्याचं काम पुढे सरकायचं.

यातल्या बहुतेक पायऱ्यांना माणसं आणि यंत्रं मिळायला वेळ लागत नाही. स्कॅनर भाड्याने येतो, ऑपरेटर येतात, सर्व्हरवर जागा विकत मिळते, डेटा एन्ट्रीची पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. मी हे तुच्छतेने म्हणत नाहीये, हे काम नीट करणं सोपं नाही, ठिसूळ कागद न फाडता हजारो पानं सरळ स्कॅन करायला हात आणि डोकं दोन्ही लागतं. पण ती माणसं मिळतात, कारण आपण गेली तीस वर्षं समाज म्हणून पैसा, कॉलेजं, क्लासेस सगळं त्याच बाजूला लावलंय.

अडलं ते "वाचायचं" या एका शब्दावर. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांची शोधाशोध सुरू झाली. जो कुणी कधीकाळी कोर्स केलेला निवृत्त शिक्षक, जो कुणी हौसेने गडकिल्ल्यांचे कागद वाचणारा, त्याचे फोन वाजायला लागले. पानामागे पैसे मिळायला लागले. काल ज्याला लोक म्हणत होते की यातून काय मिळतं तुला, त्याच्याकडे आज फाइल घेऊन माणसं उभी.

एक साधा हिशोब मांडतो, आकडे मी धरलेले आहेत, फक्त अंदाज यावा म्हणून. समजा मोडीतली एक कोटी पानं आहेत आणि एक बरा वाचक दिवसाला २०० पानं नजरेखालून घालतो, जे खरं तर खूप झालं, तर ५०,००० दिवसांचं काम झालं. शंभर वाचक लावले तरी ५०० दिवस. स्कॅनर दुप्पट केले तर स्कॅनिंग दुप्पट वेगाने होईल, वाचक दुप्पट करायचे म्हटलं तर ते आणणार कुठून, ते तयार व्हायलाच वर्षं जातात.

उर्दूचं तसं झालं नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. उर्दूतही घसटलेलं शिकस्ता वळण वाचणं अवघडच, पण उर्दू जिवंत आहे, मराठवाड्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, घरात बोलणारे, पेपर वाचणारे लोक आहेत, त्यामुळे निदान पाया असलेली माणसं हाताशी होती. मोडी मात्र शाळेतून गेली, ऑफिसातून गेली, आणि दोन पिढ्यांत ती मूठभर लोकांकडे उरली.

वाचणं म्हणजे नक्की काय

लोक विचारतात की मोडीची मुळाक्षरं तर यूट्यूबवर आहेत, दहा दिवसांचा कोर्स असतो, मग एवढं काय. मुळाक्षरं खरंच दहा-पंधरा दिवसांत येतात. मी पण त्या दिवसांत खूश होतो. मग समोर खरा कागद येतो.

मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेघ मारून घेतो आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता त्या रेघेखाली अक्षरं ओढत जातो. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. पूर्णविराम-स्वल्पविराम नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अनुस्वार बऱ्याचदा गायब. ओळ संपली की शब्द मधेच तुटतो आणि उरलेला खालच्या ओळीत. त्यात अक्षराला काना-मात्रा, वेलांटी लागली की काही अक्षरांचा आकारच बदलतो, र चे तर इतके अवतार आहेत की सुरुवातीला त्याच्यातच माणूस अडकतो. आणि हे सगळं प्रत्येक कारकुनाच्या हाताप्रमाणे वेगळं.

आता गाव नमुना १४ मधली एखादी मृत्यूची नोंद डोळ्यासमोर आणा. तारीख, मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. कारकून दिवसभर तेच तेच लिहून कंटाळलेला, त्यामुळे तो शब्द पूर्ण लिहित नाही, पहिलं अक्षर लिहून पुढे दोन रेघा ओढतो. समजा जातीच्या रकान्यात नुसतं "कु" आहे आणि पुढे रेघा. हे कुणबी आहे की कुंभार आहे? अक्षर ओळखणाऱ्याचं काम "कु" ला संपलं. वाचणाऱ्याचं काम तिथे सुरू होतं. तो त्याच वहीची मागची-पुढची पानं उलटतो, हाच कारकून कुंभार कसा लिहितो ते शोधतो, एखाद्या ठिकाणी त्याने पूर्ण शब्द लिहिलाय का ते बघतो, त्या गावात कुठली आडनावं कुठल्या समाजाची आहेत ते ताडून पाहतो, मग मत देतो, आणि पुरावा पुरेसा नसेल तर मत देत नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात कठीण, कारण समोर फाइल घेऊन बसलेल्या माणसाला "होय" ऐकायचं असतं.

तारखेचं बघा. हैदराबाद संस्थानात फसली सन चालायचा. वहीवर १३४० फसली लिहिलं असेल तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे साधारण ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. महिने फारसी, आजूर, दै, बहमन, खुर्दाद, तीर असे. डेटा एन्ट्रीवाल्याने जसंच्या तसं १३४० टाकलं तर एक तर सॉफ्टवेअर ते नाकारेल किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वीकारेल, आणि शिवरायांच्या जन्माच्या जवळपास तीनशे वर्षं आधीची नोंद म्हणून ती सिस्टिममध्ये बसून राहील. याहून मागचे, पेशवाईतले कागद घेतले तर तिथे शुहूर सन, तो आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत लिहिलेला. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. घाईत लिहिलेल्या मोडीत शेवटचं अक्षर सुटलं की कागद त्रेसष्ट वर्षांनी सरकतो, आणि वारसाहक्काच्या भांडणात त्रेसष्ट वर्षं म्हणजे दोन पिढ्या.

म्हणजे वाचणाऱ्याला लागतं काय काय? लिपी, जुनी मराठी, थोडी फारसी शब्दसंपत्ती, कालगणना, त्या भागाचा भूगोल, महसुलाची पद्धत, आणि माणसं कागदावर खोटं का लिहितात याची समज. यातलं एकही आपण "स्किल" म्हणून मोजत नाही. बायोडेटात टाकलं तर एचआरवाली मुलगी छंदाच्या रकान्यात ढकलेल.

भरवसा कुणावर

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट ही आहे आणि तिच्यावर कुणी बोललं नाही. दाखल्यावर सही करणारा अधिकारी बहुतेक वेळा स्वतः मोडी वाचू शकत नाही. त्याच्यासमोर मूळ पानाची झेरॉक्स आणि शेजारी कुणीतरी केलेलं लिप्यंतर असतं, आणि तो त्या लिप्यंतरावर विसंबून सही करतो. म्हणजे घटनात्मक हक्क, आरक्षणाची जागा, एखाद्या पोराचं मेडिकलचं वर्ष, हे सगळं एका वाचकाच्या डोळ्यावर आणि सचोटीवर उभं. ज्यांना दाखला हवाय त्यांना वाचन अचूक हवं, आणि ज्यांना वाटतं की चुकीच्या नोंदींवर दाखले जातायत त्यांनाही अचूकच हवं, यात दोन्ही बाजूंचं हित एकच आहे. पण तपासणारा दुसरा वाचकच नसेल तर चूक पकडणार कोण?

कोर्टात हे काही आजचं नाही. जमिनीच्या दाव्यांत मोडी खरेदीखतं, गहाणखतं, इनामाचे कागद सारखे येतात, दिवाणी वकिलांना विचारा. ओळखीतल्या एका वकिलांकडे मी एक जुनं गहाणखत बघितलं, दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेली दोन लिप्यंतरं सोबत होती, दोन्हींमध्ये शेताच्या पूर्वेची हद्द वेगळी. एकात ओढा, दुसऱ्यात एका माणसाचं शेत. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचं धरलेलं, आणि मूळ कागदावरची ती दोन अक्षरं सोडवायला वकिलांना जाणता माणूस बरेच महिने मिळाला नाही. तारखा पडत राहिल्या. म्हणजे गरज २०२३ ला अचानक जन्मली असं नाही, ती रोज होती, फक्त सुटी सुटी विखुरलेली होती म्हणून कुणाच्या हिशोबात आली नाही.

ही विद्या एकेकाळी "टेक्निकल"च होती

आता जरा मागे जाऊ. आपण मोडीला आज इतिहासाच्या, म्हणजे आर्ट्सच्या खात्यात टाकतो. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोडी येणं म्हणजे नोकरी मिळणं. कारकुनी, कुलकर्णीपण, सावकाराची दिवाणजीगिरी, सगळं मोडीवर. वळणदार आणि भरभर मोडी लिहिणारा पोरगा म्हणजे तेव्हाचा कोडिंग येणारा पोरगा. बापाने त्याच्याकडून घोटून घेतलं ते संस्कृती जपायला नाही, पोट भरायला.

इंग्रजांनाही ती लागली. १८५२ साली इनाम कमिशन नेमलं गेलं, कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं खोटं ते जुन्या कागदांवरून ठरवायला, आणि त्यासाठी पेशव्यांच्या दफ्तरासकट गठ्ठेच्या गठ्ठे गोळा झाले. पुण्यात आज पुराभिलेखागारात जे पेशवे दफ्तर आहे ते टिकलं त्यामागे इतिहासप्रेम कमी आणि जमीन महसूल जास्त. पुढे १९३० ते १९३४ मध्ये गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतले, माळ्यावरचे कागद मिळवत राहिले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. या लोकांनी वाचनाची जी पद्धत बसवली, कागदाची शहानिशा कशी करायची, तारीख कशी जुळवायची, तीच पद्धत २०२३ मध्ये कलेक्टर ऑफिसात कामाला आली, मग तिथल्या लोकांना ते माहीत असो नसो.

मग टेक्निकल काय आणि आर्ट्स काय? माझं म्हणणं असं की हा भेद बराचसा त्या घटकेच्या बाजारभावाचा आहे. जे आज विकलं जातं त्याला आपण स्किल म्हणतो, बाजार उठला की तीच विद्या छंद होते. हे नुसतं लिप्यांचं नाही, कॉम्प्युटरमध्येही होतं. एप्रिल २०२० मध्ये कोरोनात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की आम्हाला कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत, कारण बेकारभत्त्याची सिस्टिम त्या जुन्या भाषेत आणि अर्जांचा पूर आलेला. तिथेही तेच झालं, यंत्र होतं, पैसा होता, जुनं लिहिलेलं वाचणारा नव्हता.

म्हणून एखाद्या विद्येची किंमत तिच्या आजच्या पगारावरून ठरवणं मला पटत नाही. ती गेली तर परत उभी करायला किती वर्षं लागतील हे विचारायला हवं. डेटा एन्ट्री ऑपरेटर पंधरा दिवसांत तयार होतो. चांगला डेव्हलपर तीन-चार वर्षांत. कागद वाचून ठामपणे मत देणारा मोडी वाचक व्हायलाही तेवढीच किंवा जास्त वर्षं, आणि त्याला शिकवणारा गुरू जिवंत हवा ही वरची अट. ज्या विद्येला शिकवणारेच मोजके उरलेत तिची किंमत बाजाराला कळते ती उशिरा, आणि तेव्हा पैसे टाकून काही होत नाही.

आर्ट्सवाल्यांचंही ऐकवायला हवं

पण सगळा दोष आई-बापांवर आणि कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. इतिहासात बीए झालेली अशी मुलं मला भेटली आहेत ज्यांनी तीन वर्षांत एकही मूळ कागद हातात धरलेला नाही. नोट्स पाठ, अपेक्षित प्रश्न पाठ, परीक्षा पास. मग त्याच्या बापाने विचारलं की याने काय येतं तुला, तर पोराकडे उत्तर नसतं आणि बाप चुकीचा नसतो. ज्याला आपण कलाशाखा म्हणतो तिच्यातही घोटून घ्यायची कौशल्यं आहेत, कागद वाचणं, पुराव्याची उलटतपासणी, नेमकं लिहिणं, दुसऱ्या भाषेतून अर्थ न सांडता आणणं. ही काढून टाकली आणि नुसता आशय ठेवला तर ते शिक्षण खरंच पोकळ होतं. मोडी वाचता येणारी इतिहासाची विद्यार्थिनी आणि न येणारी यांच्यात मला तोच फरक दिसतो जो लेथवर हात चालणाऱ्या आणि नुसतं पुस्तक वाचलेल्या मेकॅनिकलवाल्यात असतो.

पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, काही संस्था घेतात, चांगलं काम आहे, पण दहा दिवसांच्या वर्गाला सर्टिफिकेट मिळतं आणि सर्टिफिकेटवाला वाचक म्हणून गणला जातो, इथे घोळ होतो. वर्गानंतर कुणाच्या तरी हाताखाली वर्ष-दोन वर्षं रोज कागद वाचायला हवेत, आणि त्या काळात त्याने खायचं काय याची सोय हवी. सीएच्या पोराला आर्टिकलशिपमध्ये स्टायपेंड मिळतो. हाताखाली मोडी शिकणाऱ्याला काहीच मिळत नाही, म्हणून या बाजूला येतात ते एक तर निवृत्त लोक किंवा घरचं बरं असलेले.

मशीन वाचेल ना आता?

हा प्रश्न मला ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो चांगला प्रश्न आहे. मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, म्हणजे कॉम्प्युटरवर मोडी अक्षर टाईप करता येतं, फॉन्ट आहेत. पण टाईप केलेली मोडी आणि ८० वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या हातची मोडी यांचं नातं फार लांबचं. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या टीमने मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल मांडलं, मला ते मनापासून आवडलं, हे व्हायलाच हवं होतं. त्यासाठी त्यांनी २,०४३ मोडी पानांचा डेटासेट तयार केला, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे तिन्ही काळ घेऊन, प्रत्येक प्रतिमेसोबत तिचं देवनागरी लिप्यंतर.

आता ते लिप्यंतर कुठून आलं? कुणीतरी मोडी जाणणाऱ्याने वाचलं तेव्हाच मशीनला शिकवता आलं. आणि मशीनने उद्या एक लाख पानं वाचून टाकली तरी बरोबर वाचली का हे तपासणार तोच. "कु" च्या पुढच्या दोन रेघांचं काय करायचं हे मॉडेल आकडेवारीने सांगेल, जास्त शक्यता कुठली ते. पण दाखला शक्यतेवर देता येत नाही, अपीलात उभं राहून हे असंच का वाचलं हे कुणाला तरी सांगावं लागतं. मशीन आल्याने वाचकाचं काम बदलेल, रोजची हमाली कमी होईल आणि तो फक्त अडलेल्या जागा सोडवेल, हे फार छान होईल. फक्त त्यासाठी तो असायला हवा.

काहीजण म्हणतात, हे गरजेपुरतं होतं, एकदा नोंदी शोधून झाल्या की या वाचकांना पगार का द्यायचा. जानेवारी २०२४ पर्यंत राज्यभरात ५४ लाखांच्या आसपास कुणबी नोंदी सापडल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे काम उरकलंच की. नाही उरकलेलं. २ सप्टेंबर २०२५ ला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटिअरच्या नोंदींवरून कुणबी दाखले द्यायचा जीआर आला, त्यात गावपातळीवर तिघांची समिती नेमली गेली, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. या तिन्ही पदांना मोडी वाचता येण्याची अट नाही, आणि ती असावी असंही मी म्हणणार नाही, पण तालुक्याला एक तरी तयार वाचक आणि जिल्ह्याला त्याचं वाचन तपासणारा दुसरा, एवढी पदं निघायला हवीत. जमिनीचे दावे, देवस्थानांचे वाद, वारसा, यांच्यातच त्यांचं वर्षाचं काम भरेल.

आणि एक काम तर आज, बिनखर्चाचं होण्यासारखं आहे. २०२३-२४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं आणि त्यांच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याच्या वेबसाइटवर पीडीएफ म्हणून पडलेल्या आहेत. त्या धावपळीत शेकडो लोकांनी बसून मोडी वाचली, हाताने लिप्यंतरं केली. ही लिप्यंतरं मूळ प्रतिमेला जोडून, वाचणाऱ्याच्या नावासकट, एका जागी ठेवली आणि संशोधकांना खुली केली तर २,०४३ पानांच्या किती तरी पट मोठा साठा तयार होईल. इंजिनिअरांना मॉडेल शिकवायला तो लागणार आहे, इतिहासाच्या पोरांना हात बसवायला लागणार आहे, आणि पुढच्या वेळी कुणी एखाद्या नोंदीवर आक्षेप घेतला तर कोणी काय वाचलं होतं ते उघडून बघता येईल. कुठल्याही खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने हे वाचलं तर कृपया त्या फाइली नुसत्या पीडीएफ म्हणून पडून राहू देऊ नका, मूळ गठ्ठ्याचा नंबर, पानाचा नंबर आणि वाचकाचं नाव हे तीन रकाने जोडा, बाकीचं आमच्यासारखे लोक रविवारी बसून करायला तयार आहेत.